पहिल्या वेलांटीचा उन्हाळा

कूलर उघडायचे दिवस पुन्हा आले. आमच्या गल्लीत सकाळपासून एकच आवाज फिरतो आहे, लोखंडी पत्र्यावर ब्रश घासल्याचा. गेल्या वर्षीचं खस, म्हणजे कूलरच्या जाळीतला वाळा, काढून लोक गच्चीवरून खाली टाकतात. ते काळं, ठिसूळ झालेलं असतं. रस्त्यावरची गाय ते हुंगते आणि तोंड फिरवते. माझा नवरा राजेश हिंगण्याला कंपनीत आहे. दुपारची पाळी असली की त्याची सकाळ मोकळी असते, आणि या दिवसांत ती सगळी कूलरमध्ये जाते. पंप गुणगुणतो, पण पाणी चढत नाही. राजेश तो काढतो, उलटा करून झटकतो, पुन्हा बसवतो. मग एकदम पाणी धारेनं उतरतं, पंखा फिरतो आणि ओल्या खसाचा पहिला झोत अंगावर येतो.

लोकांना या वासानं शाळेच्या सुट्ट्या आठवत असतील. माझे खांदे दुखायला लागतात.

"काहून अशी उभी राहिली वं?" राजेशनं आज विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

काही नाहीच. कुणाला सांगण्यासारखं काही वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात काही घडलं नव्हतं. घरात लग्न नव्हतं, आजारपण नव्हतं. मी मागच्या खोलीत या कूलरसमोर बसून एका फुकटच्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत आणत होते. एवढंच. पण काही दमणूक अशी असते की ती त्या वर्षी संपत नाही. दरवर्षी थोडी थोडी परत येते.

आमचं माहेरचं घर कोष्ट्यांचं. आजोबांपर्यंत घरात माग होता. बाबांनी तो मोडला आणि गोळीबार चौकाजवळ एका खोलीत छपाईचं दुकान टाकलं. मुख्य काम लग्नपत्रिकांचं. त्यामुळे आमच्याकडे उन्हाळा म्हणजे दुसऱ्यांच्या लग्नांची धांदल. शाईचा वास, कार्डांचे गठ्ठे, सोनेरी चमकीचे कण जेवणाच्या ताटापर्यंत पोचलेले. दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा तो चालवू शकेल अशी घरात मीच होते. नुकतीच बारावी झाली होती. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' आणि 'चि. सौ. कां.' मी इतक्या वेळा टाइप केलं की पुढे स्वतःची पत्रिका टाइप करताना माझी बोटं क्षणभरही थांबली नाहीत. काम संपल्यावर बाबांनी प्रूफ हातात घेतलं आणि ते बराच वेळ खाली ठेवलं नाही, तेव्हा लक्षात आलं की ही आपली आहे.

त्या काळचे मराठी फाँट म्हणजे मुखवटे होते. कॉम्प्युटरला मराठी येतच नव्हतं. आपण कळ दाबली की आत इंग्रजी अक्षर जायचं, आणि फाँट त्याच्यावर मराठी अक्षराचं चित्र चढवायचा. कागदावर सगळं सुंदर दिसायचं. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे असते, म्हणून ती आधी दाबायची आणि अक्षर मागून. रफार डोक्यावर असतो, म्हणून तो अक्षर झाल्यावर. आम्ही टाइप करणाऱ्यांनी हे असंच शिकून घेतलं. पुढे युनिकोड आलं, म्हणजे कॉम्प्युटरला खरोखर मराठी कळू लागलं, आणि सगळा क्रम बदलला. आता अक्षर आधी आणि वेलांटी मागून. पण मधल्या वर्षांत जे जे टाइप झालं होतं, वर्तमानपत्रं, पुस्तकं, पत्रिका, ते सगळं मुखवट्यातच राहिलं. फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली की समोर इंग्रजी अक्षरांचा कचरा.

हा कचरा पुन्हा मराठी करणारं सॉफ्टवेअर सुशांतनं लिहिलं. सुशांत पुण्याचा. तेव्हा इंजिनिअरिंगला होता. त्यानं ते ओपन सोर्स ठेवलं होतं, म्हणजे कुणीही घ्यावं, वापरावं, आतला कोड बघावा, बदलावा, पैसे नाहीत. मी तोवर एका शाळेत कॉम्प्युटर शिकवू लागले होते. बाबा गेल्यावर त्यांच्या दुकानातल्या जुन्या फाइल उघडून बघाव्यात असं वाटलं, आणि शोधता शोधता सुशांतचं काम सापडलं. सगळं छान येत होतं, फक्त 'शुभाशीर्वाद' चुकत होता. रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसत होता. मी त्याला कळवलं. त्यानं दुरुस्त केलं आणि लिहिलं, "ताई, असे अडचणीचे शब्द अजून आहेत का तुमच्याकडे?"

माझ्याकडे दुसरं होतं काय? मी शब्द पाठवत गेले. 'ज्येष्ठ', 'द्वितीय', 'तीर्थरूप', 'कार्यवाह'. हळूहळू स्वतःच कोड लिहायला शिकले. प्रत्येक शब्दासाठी एक छोटी चाचणी असे. जुन्या फाँटमधला शब्द द्यायचा आणि सांगायचं की यातून 'तीर्थरूप' बाहेर पडला पाहिजे. पडला तर हिरवी खूण, नाहीतर लाल. कोडमध्ये कुठंही हात लावला की आधी सगळ्या चाचण्या चालवायच्या. एक शब्द सुधारताना दुसरा बिघडला असेल तर तो लाल होऊन ओरडतो. या चाचण्या ओळीनं चालवणारं एक तयार सॉफ्टवेअर असतं, त्याला टेस्टिंग लायब्ररी म्हणतात. ते आमचं नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी, आमच्यासारख्याच फुकट काम करणाऱ्यांनी, लिहिलेलं होतं. ते चालतं आहे तोवर त्याच्याकडे आम्ही कधी बघितलंही नाही.

मग त्या लोकांनी ते सांभाळणं सोडलं. का सोडलं ते कुणी लिहिलं नव्हतं. आता मला न लिहिताही कळतं.

अशा वेळी भिवापूरहून देवरावभाऊंचा फोन आला. देवरावभाऊ तिथं एक साप्ताहिक चालवतात. मिरचीचे भाव, ग्रामपंचायतीची भांडणं, वाढदिवस, निधनवार्ता. आमचं सॉफ्टवेअर ते अधूनमधून वापरत, म्हणून त्यांची ओळख होती. फोन उचलल्या उचलल्या ते म्हणाले, "नंदाताई, कॉम्प्युटर मरून राहिला."

"कुठला?"

"जुना. ज्याच्यावर पेपर बनवतो थोच. उन्हानं तापते आन बंद पडते. मेकॅनिक म्हणते याचा काही भरवसा नाही. नवीन आणला, त तुमचं सॉफ्टवेअर त्याच्यावर सुरूच नाही होऊन राहिलं. काहून?"

मी त्यांना समजावून सांगितलं. नव्या कॉम्प्युटरसाठी आमचं सॉफ्टवेअरही नवं करावं लागेल. पण नव्यावर आमची जुनी टेस्टिंग लायब्ररी चालत नाही. चाचण्या चालल्याशिवाय सगळे शब्द नीट येतात हे आम्हाला कळणार नाही. म्हणून आधी लायब्ररी बदलावी लागेल, म्हणजे सगळ्या चाचण्या पुन्हा लिहाव्या लागतील.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पाहा ताई," ते म्हणाले, "छापलेले अंक दिमकनं खाल्ले. फाइली पेनड्राइव्हमधी घेतल्या, पण नव्या कॉम्प्युटरवर उघडल्या त एबीसीडीचा नुसता भुसा. हा जुना मेला, त माह्याच पेपर मले वाचता नाही येणार. तुमचं थे काय असंन थे बदलवा, पण करा बापा."

शाळेला सुट्टी लागली की करते, असं मी सांगितलं.

सुट्टी लागली. नागपूरचं ऊन बाहेरच्यांना सांगून कळत नाही. दहा वाजले की रस्ते आपोआप रिकामे होऊ लागतात. बाया तोंडाला दुपट्टा गुंडाळून भाजी घेऊन परततात. दुपारी तर नळाचं पाणीही हाताला चटका देतं. राजेश जेवून, डोक्याला ओला रुमाल बांधून मोटारसायकलवर निघून जायचा. मी दार लावून, पडदे ओढून मागच्या खोलीत बसायची. कूलरची घरघर, मधूनच पंपाचा खाकरा, आणि समोर शब्दांमागून शब्द.

हे काम कसं असतं ते सांगणं कठीण आहे, कारण त्यात सांगण्यासारखं काही नसतं. नवं काही बनत नाही. जे कालपर्यंत चालत होतं ते उद्याही तसंच चालावं, एवढ्यासाठी सगळं उपसायचं. जुन्या लायब्ररीत चाचणी एका पद्धतीनं मांडायची, नवीत दुसऱ्या. एक फाइल उघडा, रचना बदला, शब्द तसेच ठेवा, पुढची फाइल. मध्ये उठून माठातलं पाणी पिऊन या. काम पूर्ण झालं तर वापरणाऱ्याला काहीच वेगळं दिसणार नाही, आणि तेच यश. शाळेतल्या एका मैत्रिणीनं विचारलं, सुट्टीत काय केलंस? मी दोनदा सांगून पाहिलं, मग म्हटलं, पापड केले.

सुशांत आधी मदत करणार होता. त्याचे निरोप कमी होत होत थांबले. शेवटी एका रविवारी सकाळी त्यानं व्हिडिओ कॉल लावला. त्याच्या मांडीवर लहान मुलगी होती आणि ती त्याचा चष्मा ओढत होती.

"ताई, मला आता नाही जमणार," तो म्हणाला. "ऑफिसमध्ये दिवसभर हेच, घरी येऊन पुन्हा हेच. रोज उठलो की कुणाची तरी तक्रार आलेली असते. हे चालत नाही, ते चालत नाही. एकानं तर लिहिलंय, तुम्हाला लाज वाटत नाही का."

"कोणी?"

"असेल कुणीतरी. त्यानं पीएचडीसाठी वापरलं होतं." तो हसला. मुलीनं चष्मा काढून घेतला तेव्हा त्याचे डोळे एकदम उघडे आणि थकलेले दिसले. "आपण बंद करून टाकूया का? वर पाटी लावू, की यापुढे सांभाळलं जाणार नाही. लोक समजून घेतील."

"भिवापूरच्या भाऊंना मी शब्द दिलाय," मी म्हटलं.

"एका माणसासाठी, ताई?"

खरं तर त्या क्षणी मलाही बंद करावंसंच वाटत होतं. हा उन्हाळा जाऊ दे, मग पाटी लावू, एवढंच मी म्हणाले. त्यानं त्याच दिवशी सगळे अधिकार माझ्याकडे दिले. फोन ठेवल्यावर खोलीत कूलरचा आवाज आधीपेक्षा मोठा वाटला.

राजेश त्या संध्याकाळी घरी होता. टरबूज कापता कापता म्हणाला, "पैसे नाही, नाव नाही. मंग काहून करून राहिली?"

"माहीत नाही."

"माहीत नाही त मंग कर," तो म्हणाला, आणि मधला लाल तुकडा माझ्याकडे सरकवला. अशा गोष्टींवर तो वाद घालत नाही. कंपनीत तोही जुन्या मशिनी सांभाळायचंच काम करतो.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागायच्या आसपास एका दुपारी शेवटची फाइल झाली. नव्या कॉम्प्युटरसाठी सॉफ्टवेअरमध्ये करायचे ते बदल केले आणि मी सगळ्या चाचण्या एकदम चालवल्या. सगळं हिरवं आलं. एकही लाल नाही. मी खुर्चीत मागे टेकले आणि थोडा वेळ नुसती त्या हिरव्या रंगाकडे बघत राहिले. देवरावभाऊंना फोन करून सांगितलं, झालं. त्यांनी नवी आवृत्ती लगेच उतरवून घेतली आणि जुने अंक घालायला सुरुवातही केली.

दुसऱ्या दिवशी मी कोडमधल्या जुन्या टिपा साफ करत होते. टिपांबरोबर एक खरी ओळ चुकून पुसली गेली. नेमकी ती, जी पहिल्या वेलांटीला अक्षराच्या पुढून उचलून मागे ठेवते. मला कळलं नाही. मी सवयीनं चाचण्या चालवल्या. सगळं हिरवं. मग सहज एक शब्द घालून पाहिला, 'भिवापूर', आणि बाहेर आलं 'िभवापूर'. वेलांटी पुढे लोंबकळत, तिच्याखाली ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ.

वेलांटीची ओळच नाही आणि चाचण्या हिरव्या? याचा अर्थ एकच होता. चाचण्या चालतच नव्हत्या. बारकाईनं पाहिलं तेव्हा उलगडलं. आम्ही शब्दांच्या याद्यांवरून चाचण्या तयार करायची जी युक्ती वापरत होतो, ती नव्या लायब्ररीला ओळखता येत नव्हती. ओळखता येत नाही असं ती सांगतही नव्हती. ती त्या फाइली गुपचूप ओलांडून पुढे जात होती, आणि उरलेल्या मूठभर चाचण्या चालवून सगळं ठीक आहे म्हणत होती.

मी भिवापूरला फोन लावला. "भाऊ, थांबा. आणखी काही करू नका. आमच्याकडे चूक आहे."

"असं होय?" देवरावभाऊ म्हणाले. "काही काही शब्द अजीब येऊन राहिले होते. मले वाटलं, नव्या कॉम्प्युटरवरची मराठी अशीच राहत असंन."

मला हसू आलं नाही. तेव्हा तर रडू येत होतं. सुट्टीचा निम्म्याहून जास्त भाग त्या हिरव्या रंगात गेला होता.

पुसलेली ओळ परत घातली आणि पुन्हा बसले. आता प्रत्येक शब्द एकेक करून, हातानं. कुठलीही युक्ती नाही. मधल्या एका संध्याकाळी, अजून बरंच काम उरलेलं असताना, चाचण्या पहिल्यांदा खरोखर चालल्या. सगळा पडदा लाल, नव्या कॉम्प्युटरसाठी केलेले माझे बदल जागोजागी चुकलेले. 'ज्येष्ठ' लाल, 'तीर्थरूप' लाल, 'शुभाशीर्वाद' लाल. तो लाल रंग बघून मला जेवढं बरं वाटलं तेवढं आदल्या हिरव्यानं वाटलं नव्हतं. निदान कुणीतरी खरं बोलत होतं.

मग रोज थोडं. एक शब्द हिरवा, दोन शब्द हिरवे. हे शब्द कुठून कुठून आलेले होते ते हातानं लिहिताना पुन्हा दिसलं. पारशिवनीच्या कुणा शिक्षकानं शाळेच्या जुन्या स्मरणिकेतला पाठवलेला 'वृक्षारोपण'. कुणाच्या आईच्या कवितेतला 'निर्झर'. बाबांच्या दुकानातले माझे. पाठवणाऱ्यांपैकी बरेच जण आता उत्तर देत नाहीत. शब्द मात्र आपापल्या ओळीत बसून होते. मी प्रत्येकाला तपासून पुढे सरकत होते आणि मान मोडून येत होती.

शाळा उघडायच्या थोडं आधी काम संपलं. या वेळी मी मुद्दाम कोड ठिकठिकाणी मोडून पाहिला, आणि प्रत्येक वेळी योग्य तोच शब्द लाल झाला. मगच भाऊंना कळवलं. त्यांनी सगळे अंक पहिल्यापासून पुन्हा घातले. या वेळी नीट आले. त्यांचा आनंद फोनमध्ये मावत नव्हता. "ताई, 'मिरची' लिहा, त इतक्या वर्षाचे भाव समोर! कोणत्या सरपंचानं काय कबूल केलं होतं, सगळं निघते. आता पाहतो एकेकाले."

आणि मग काही दिवसांनी पुन्हा फोन. आवाज उतरलेला.

"ताई, पुन्हा बिघडलं."

मी डोळे मिटले. "काय झालं?"

"निर्मला सापडून नाही राहिली."

"कोण निर्मला?"

"माही बायको."

मी लगेच विश्वास ठेवला. 'निर्मला' या नावात पहिली वेलांटीही आहे आणि रफारही. आमच्या दोन्ही जुन्या दुखण्यांची गाठ एकाच शब्दात. काही सुटलं असेल तर इथंच सुटणार. मी त्या नावाची नवी चाचणी लिहिली. हिरवी आली. दुसऱ्या फाँटमधून घालून पाहिलं. हिरवी. भाऊंकडून सगळे बदललेले अंक मागवले आणि स्वतः शोधलं. निर्मला भरपूर सापडल्या. अंगणवाडीच्या एक निर्मलाताई, एक माजी सरपंच, कुणाच्या निधनवार्तेतल्या निर्मलाबाई. देवरावभाऊंची निर्मला कुठंच नव्हती. मी मूळ फाइलींमध्ये, त्या इंग्रजी भुशातही नाव शोधलं. तिथंही नव्हती.

सॉफ्टवेअर बरोबर होतं. हे फोनवर कसं सांगायचं, मला कळेना. त्याच आठवड्यात उमरेडला चुलत बहिणीचं लग्न होतं. उन्हाळ्यातली शेवटची तिथी. अक्षता पडल्यावर, जेवण उरकून, मी राजेशला म्हटलं, तसंच पुढे भिवापूरला जाऊन येऊ. त्यानं नेसत्या कपड्यांनिशी गाडी काढली.

पेपरचं ऑफिस म्हणजे देवरावभाऊंच्या घराची पुढची खोली. एका कोपऱ्यात जुना कॉम्प्युटर चादर पांघरून, टेबलावर नवा. साठीचे, किडकिडीत, बनियनवर बसलेले देवरावभाऊ आम्हाला पाहून गडबडीनं शर्ट घालू लागले. आतून निर्मलावहिनींनी पाणी आणून ठेवलं आणि पुन्हा आत गेल्या.

"भाऊ," मी म्हटलं, "मी सगळ्या तऱ्हेनं पाहिलं. काही बिघडलेलं नाही. वहिनींचं नाव पेपरात छापलंच गेलेलं नाही."

"असं कसं होईन?" ते म्हणाले. "पेपर सुरू झाला तईपासून हे संग आहे. दर अंक हिच्या हातातून गेला." ते कॉम्प्युटरकडे वळले आणि एका बोटानं टाइप करू लागले. वाढदिवस. नाही. हळदीकुंकू. नाही. शेवटी थांबून त्यांनी लिहिलं 'संपादकांच्या पत्नी'. एक ओळ वर आली. पेपरच्या वर्धापनदिनाची बातमी होती. संपादकांच्या पत्नीने पाहुण्यांचे स्वागत केले.

ती बातमी त्यांनीच लिहिलेली होती. ते त्या ओळीकडे बघत राहिले. राजेश उठून दारात जाऊन उभा राहिला.

निर्मलावहिनी ताटलीत टरबुजाच्या फोडी घेऊन आल्या. "काय पाहून राहिले सारेजण?"

मग मीच सांगितलं, की पेपरात तुमचं नाव शोधत होतो.

"माह्यं?" त्यांना खरंच नवल वाटलं. "माह्यं नाव कायले येईन त्याच्यात? मी काय मेली काय?"

राजेश दारात फस्सकन हसला. वहिनीही हसल्या. भाऊ हसले नाहीत.

"अंकाच्या घड्या घालाच्या, तिकिटं लावाचे, गठ्ठा पोस्टात नेऊन टाकाचा," वहिनी म्हणाल्या. "वाचाले फुरसत कोणाले होती? वाचला असता त तवाच सांगितलं असतं, का बाप्पा, माह्यं नाव लिहा एखादखेपी." मग माझ्याकडे वळल्या. "आन तुह्यं आहे काय वं, त्या सॉफ्टवेअरात?"

"आहे. पण तिथं कुणी जाऊन बघत नाही."

"मंग सारखंच," त्या म्हणाल्या. "घे, टरबूज खा. गोड आहे."

परतताना ऊन कललं होतं, तरी वारा गरमच. राजेशच्या पाठीवर डोकं टेकून मी डोळे मिटले. खूप झोप येत होती. सॉफ्टवेअरवर बंदची पाटी लावायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात लावू म्हटलं, मग शाळा उघडली आणि तेही राहिलं. ती पाटी अजून लागलेली नाही. यंदा त्या नव्या लायब्ररीचीही पुढची आवृत्ती आली आहे. जुनी काही महिन्यांत बंद होईल असा निरोप आहे. मी तो वाचून ठेवून दिला आहे. शाळेला सुट्टी लागायची आहे अजून.

भिवापूरहून आल्यावर पुढच्याच अंकात देवरावभाऊंनी शेवटच्या पानावर, मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीखाली एक ओळ वाढवली. वितरण व्यवस्था, आणि पुढे वहिनींचं नाव. तो अंक त्यांनी इंटरनेटवरच्या त्यांच्या पानावरही टाकला. जुना कॉम्प्युटर चालतो तोवर पेपर ते त्याच्यावरच, जुन्या फाँटमध्ये बनवत, म्हणून आधी अक्षरं बदलावी लागत. पण घाई झाली असावी. आमचं सॉफ्टवेअर घरच्या कॉम्प्युटरवर, आणि ते होते बाहेर, तेव्हा फोनवरच कुठल्यातरी फुकट साइटवरून अक्षरं बदलून घेतली. मी पान उघडलं तर तिथं लिहिलं होतं, 'िनमर्ला'. वेलांटी एकटीच पुढे उभी, आणि रफार उडी मारून 'ला'वर.

मी ताबडतोब फोन लावला. वहिनींनी उचलला. भाऊ पोस्टात गेले होते.

"वहिनी, तुमचं नाव चुकीचं उमटलंय. भाऊ आले की त्यांना म्हणा, पान तेवढं काढून ठेवा. मी आत्ता नीट करून पाठवते."

पलीकडे बांगड्यांचा आवाज झाला. बहुधा दुसऱ्या फोनवर त्यांनी ते पान उघडून समोर धरलं असावं.

"कुठं चुकलं?" त्यांनी विचारलं.

"वेलांटी पुढे आलीय. आणि वरचा रफार बघा, तो 'म'वर पाहिजे."

"हं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "राहू दे वं. मले वाचता येते."